आप्पांचा हात

"मी हाव की," असं आप्पा म्हणाले, की आमच्या गावातली माणसं त्यांच्या तोंडाकडे बघायची नाहीत, हाताकडे बघायची.

आप्पा लिंगायत. सदऱ्याच्या आत, गळ्यातल्या दोऱ्याला लिंगाची चांदीची डबी. कुणाला धीर देता देता त्यांचा उजवा हात सदऱ्यावरून त्या डबीवर गेला, की काम झालंच म्हणून समजायचं. हात मांडीवर राहिला, पानाला चुना लावत राहिला, तराजूच्या साखळीशी खेळत राहिला, तर ती नुसती आप्पांची माया. मायेवर चूल पेटत नाही. गावातल्या पोरासोरांनाही हे ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या आप्पांना.

मी देगलूरची. घरात मराठी, शेजारी तेलुगू, मागच्या गल्लीत कानडी, अशा गावात वाढलेली. मुरुडच्या अलीकडच्या या खेड्यात मास्तरीण म्हणून आले तेव्हा इथली मराठीसुद्धा मला परकी वाटली होती. पत्र्याची पेटी घेऊन मी आप्पांच्या किराणा दुकानासमोर उभी राहिले. राहायला खोली कुठे मिळेल, असं विचारलं. आप्पा पान लावत होते. "बाई, फिकीर कशाची करायलाव? चांगली माळवदाची खोली देतो तुमाला. मी हाव की."

मी निश्चिंत होऊन पायरीवर बसले. शेजारच्या ओट्यावरून काशीआजी सगळं बघत होती. ती जवळ येऊन म्हणाली, "हात कुठं व्हता त्येचा?"

"कुणाचा?"

"आप्पाचा."

"चुन्याच्या डबीवर."

"मग न्हाई मिळत तुमाला खोली. माझ्याकडं चला." आणि माझी पेटी उचलून ती चालायलाच लागली. तिच्या पडवीत मी बरीच वर्षं काढली. आप्पांची माळवदाची खोली मी कधी पाहिली नाही.

तुम्हीही असे पुढारी पाहिले असतील. कागदावर कुठलंच पद नाही. एके काळी सरपंच होते, पुढे तेही नव्हते. पण गावाचं सरकारदरबारचं काम त्यांच्याशिवाय हलत नसे. कुणाची सून अडलेली, कुणाचा बैल बसलेला, कुणाचं रेशन कार्ड हरवलेलं. आप्पा गल्ल्यावर बायकोला बसवायचे, पायात वहाणा सरकवायचे आणि निघायचे. त्यांची बायको म्हणायची, "ह्यांचा धंदा धीर देण्याचा. किराणा आपला माझा." बाई बोलायला फटकळ, पण खोटं बोलत नव्हती.

मी आले तेव्हा गाव उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. फाट्यावर उभं राहिलं, की एका हाताला मुरुड आणि पुढे उस्मानाबाद, दुसऱ्या हाताला लातूर. लातूर जवळ. मोंढा तिथे, अडत तिथे, लग्नाचा बस्ता तिथे. पण कागदावर शिक्का मारायचा, की उस्मानाबाद. बाजाराला लातूर आणि सरकारला उस्मानाबाद, ही आमच्याकडची बापजाद्यांपासूनची वाट. लातूरचा वेगळा जिल्हा व्हावा म्हणून जी माणसं मोर्च्यांना गेली, त्यांत आप्पा पुढे. पुढे म्हणजे अक्षरशः पुढे, झेंडा धरून. एकदा घोषणा देऊन देऊन आवाज बसला, तेव्हा दुकानात गिऱ्हाइकाशी आठवडाभर खुणांनी बोलत होते. बायको म्हणाली, कधी नव्हे ते घरात शांत वाटलं.

जिल्हा झाला त्या दिवशी त्यांनी चावडीपुढे सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. मग शिडी मागवली. ग्रामपंचायतीच्या पाटीवरचं 'जि. उस्मानाबाद' स्वतः खरवडून काढलं आणि तिथे 'जि. लातूर' लिहिलं. उस्मानाबाद लांबलचक आणि लातूर आखूड, त्यामुळे पुढे जागा रिकामी राहिली. आप्पा शिडीवरूनच विचार करत राहिले. खाली अख्खं गाव माना वर करून उभं. शेवटी त्या रिकाम्या जागेत त्यांनी हिरव्या रंगाचं बेलाचं पान काढलं. पान कमी आणि पोपट जास्त दिसत होता, पण कुणी बोललं नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी गावाला पाण्याचा टँकर मागायचा होता. आप्पा अर्ज घेऊन सकाळीच गेले आणि संध्याकाळी हसत हसत परत आले. उस्मानाबादच्या कचेरीत जाऊन बसले होते. तिथला ओळखीचा कारकून म्हणाला, "आप्पा, तुमीच आमाला सोडून गेलाव की. आता कशाला आलाव?" ही फजिती त्यांनी स्वतःच दुकानाच्या पायरीवर बसून सगळ्यांना सांगितली. "जिल्हा नवा झाला बाई, पाय जुनेच हायेत," असं म्हणाले. आम्ही पोट धरून हसलो. मीही हसले. हसण्यासारखंच होतं ते.

नवा जिल्हा आला आणि त्याच्या मागोमाग पाऊस गेला. एक वर्ष गेला, दुसऱ्या वर्षी आल्यासारखं करून गेला. गावाबाहेर रोजगार हमीचं पाझर तलावाचं काम निघालं. बाया-माणसं दिवस उगवायला टिकाव-टोपली घेऊन जायची, ती दुपार कलल्यावर परतायची. त्यांची लहान लेकरं मारुतीच्या देवळात काशीआजीच्या हवाली. टँकर यायचा तो आडात पाणी ओतून जायचा. ते पाणी गाळून घ्या, उकळा, असं मी शाळेत सांगत होते. उकळायला जळण कुठून आणायचं, हे मला कुणी विचारलं नाही.

मग लेकरांना हगवण आणि वांत्या सुरू झाल्या.

रुकमीण आमच्या गल्लीतली. नवरा ऊसतोडीला गेलेला तो तिकडेच राहिलेला. तिची एकुलती एक पोर मंका. नाव मनकर्णा, पण तेवढं मोठं नाव त्या पोरीला पेलायचं नाही. मंका शाळेच्या वयाची नव्हती, तरी रोज माझ्या वर्गाच्या दारात येऊन बसायची. आत ये म्हटलं, की नाही म्हणायची. दारातूनच सगळ्या कविता पाठ केल्या होत्या तिने. त्या दिवशी रुकमीण कामावर गेली तेव्हा मंकाला रात्रीपासून त्रास होत होता. हजेरी बुडवली, तर त्या दिवसाची ज्वारी नाही. काशीआजीच्या मांडीवर पोरगी टाकून ती गेली.

मी त्या दिवशी मुरुडला शिक्षकांच्या बैठकीला गेले होते. दुपारी फाट्यावर उतरून गावात शिरले, तर चावडीपुढे तलावाच्या कामावरची सगळी माणसं परतलेली. हातात अजून टिकाव आणि पहारी. बायका जमिनीवर बसलेल्या. आवाज मात्र कुणाचाच नाही. एवढी माणसं जमलेली आणि आवाज नाही, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

सकाळी एक पांढरी गाडी आली होती. देवळातली आजारी लेकरं उचलून गाडीत घातली आणि गेली.

नदीवर तेव्हा नवा पूल बांधत होते. नव्या जिल्ह्याचा नवा पूल. त्याचा एक खांब म्हणे दोनदा खचला होता. पुलाला लेकरं लागतात, हे आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेलं. शिकलेली माणसं हसतात. ज्याचं लेकरू सकाळी होतं आणि दुपारी नाही, तो हसत नाही. दादाराव म्हणून एक होता, त्याचा धाकटा मुलगा गाडीत गेला होता. तो पहार टेकून उभा होता. खाली बघत तो म्हणाला, "पुलाव नेलीत. आता चला. कंत्राटदाराचं एक माणूस ठिवायचं न्हाई." आणि माणसं खरंच निघाली.

तेवढ्यात आप्पा आले. अनवाणी. दुकानातून तसेच उठून आलेले, धोतराला पीठ लागलेलं. त्यांनी कुणाला अडवलं नाही. दादारावच्या समोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आधी पाणी प्या समदे. मंग जाऊ. मी बी येतो."

पाणी आलं. माणसं प्यायली. तहानलेली होतीच. तोवर आप्पांनी काशीआजीला जवळ बसवून घेतलं आणि एखाद्या लेकराला विचारावं तसं हळूहळू विचारलं.

"कोण व्हतं गाडीत?"

"चष्म्याचा डाक्टर. एक नर्सबाई."

"गाडीवर लाल फुली व्हती का?"

"व्हती."

"काय म्हणला डाक्टर?"

"मोठ्या सरकारी दवाखान्यात नेतो म्हणला. आईबापाला सांगा म्हणला. वाट बघायला टाईम न्हाई म्हणला. मंकाला त्यानं सोता उचललं. धोतराव वकली पोरगी त्येच्या, तर काय बी म्हणला न्हाई."

"धोतराव? डाक्टर धोतरात व्हता?"

"पाटलुनीव मग. काय असंल ते."

कुणीतरी हसलं. दुपारपासून पहिल्यांदाच. आप्पा उठले आणि सगळ्यांना दिसतील असे चावडीच्या पायरीवर उभे राहिले. "ऐका. लेकरं पुलाव न्हाईत. लेकरं दवाखान्यात हायेत. आजारी हायेत म्हणून नेलीत. ज्येनं लेकराची वांती अंगाव घेतली, त्यो पुलात घालायला नेत नसतो. मी सोता तुमाला तिथं नेतो आन लेकरं तुमच्या वटीत घालतो. मी हाव की."

आणि त्यांचा हात छातीवर गेला. सदऱ्यावरून डबी मुठीत धरली त्यांनी. मी पाहिलं, सगळ्यांनी पाहिलं. दादारावने पहार खाली ठेवली. बायकांमधून एक लांब श्वास आल्यासारखं झालं. रुकमीण उठली, घरी गेली आणि मंकाचा दुसरा फ्रॉक फडक्यात बांधून घेऊन आली.

मला इथे एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती मी सगळ्यांना सांगत आले आहे. त्या दुपारी आप्पा नसते, तर पुलावर दोन-चार डोकी फुटली असती आणि आमची माणसं तुरुंगात गेली असती. ते जे बोलले, ते शब्दाला शब्द खरं होतं.

"बाई, तुमी बी चला," ते मला म्हणाले. "लिवणं-वाचणं लागंल तिथं."

आम्ही फाट्यावर आलो. आधी लातूरची गाडी आली. अर्धी रिकामी होती. कंडक्टरने दार उघडलं. आप्पांनी हात हलवून तिला पुढे जायला सांगितलं. "ही न्हाई," म्हणाले. दार लागलं, घंटी वाजली, गाडी गेली. आम्ही सगळे रस्त्याच्या कडेला उभे होतो, मी, दादाराव, रुकमीण आणि बाकीचे आईबाप. पंचायतीच्या पाटीखालून रोज जाणारी माणसं. त्यांतल्या एकाच्याही मनात काही आलं नाही, माझ्याही नाही. मोठा दवाखाना म्हणजे सरकार, आणि सरकार म्हणजे उस्मानाबाद. मग दुसऱ्या बाजूने उस्मानाबादची गाडी आली आणि आम्ही तिच्यात चढलो.

वाटेत आप्पा प्रत्येकाच्या सीटपाशी जाऊन आले. "सलाईन लावलं की लेकरू धावायला लागतंय, माझ्या पुतण्याचं बघितलाव की." रुकमीण फडकं मांडीवर धरून बसली होती. तिला म्हणाले, "मंका बिलंदर हाय. डाक्टरला कविता म्हणून दाखवत असंल." रुकमीण किंचित हसली. तिच्या चेहऱ्यावरचं ते हसू मला नंतर फार वर्षं आठवत राहिलं आणि दर वेळी मला आप्पांचा राग आला.

उस्मानाबादला पोहोचेपर्यंत दिवे लागले होते. आप्पा दवाखान्यात ओळखीचे. ते या दारातून त्या दारात गेले. मी मागून. लेकरांच्या वॉर्डात एक वयस्क सिस्टर होती. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि गावाचं नाव विचारलं.

"मग ती इथं कशी येतील?" ती म्हणाली. "तुमचा जिल्हा बदलला नाही का? तुमच्याकडची लेकरं आता लातूरला जातात."

ती काही टोचून बोलली नव्हती. माहिती सांगावी तसं सांगितलं तिने. आप्पा भिंतीला हात लावून खाली बसले. मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी भांडं हातात धरलं, पण प्यायले नाहीत.

बाहेर माणसं थांबली होती. त्यांना सांगितलं. दादाराव म्हणाला, "हितं न्हाईत. म्हंजे कुठंच न्हाईत." एका बाईने कपाळ बडवायला सुरुवात केली. आप्पा उठून बाहेर आले. त्यांना बोलणं भाग होतं. दुसरं कोण बोलणार? ते म्हणाले, "लातूरला हायेत. माझी चूक झाली. लातूरला सुखरूप हायेत. मी..." आणि त्यांचा हात वर आला, अर्ध्यात थांबला आणि पुन्हा खाली गेला.

ते सगळ्यांनी पाहिलं. कपाळ बडवणारी बाईसुद्धा थांबली.

लातूरची शेवटची गाडी निघून गेली होती. रात्र आम्ही स्टँडवर काढली. तिच्याबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. कुणी रडलं नाही, कुणी भांडलं नाही, कुणी जेवलं नाही. पहाटेच्या गाडीने निघालो. उजाडता उजाडता गाडी आमच्याच फाट्यावर येऊन थांबली. कंडक्टर म्हणाला, "उतरा कोण हाय ते." कुणी उतरलं नाही. गाडी पुढे निघाली.

लातूरला दवाखान्यात जागा पुरली नव्हती म्हणून जवळच्या एका शाळेच्या वर्गांमध्ये लेकरं ठेवली होती. खिडकीच्या गजांना सलाईनच्या बाटल्या बांधलेल्या. फळ्यावर कुणाचं तरी बेरजेचं गणित तसंच होतं. दादारावचा मुलगा बिस्किट खात होता. बापाला बघून तो पहिल्यांदा लाजला. एकेका आईला आपापलं लेकरू सापडत गेलं आणि त्या त्या कोपऱ्यात ती खाली बसत गेली. रुकमीण एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जात होती. आप्पा तिच्या मागे दोन पावलं.

शेवटच्या वर्गात भिंतीशी एका बाकावर मंका होती. अंगावर दवाखान्याची चादर, तोंडावरून ओढलेली.

तिथली नर्स तरुण होती, रात्रभर जागलेली. "पहाटेच गेली," ती म्हणाली. "फार उशिरा आणली होती, डॉक्टरांनी खूप केलं. रात्रभर विचारत होती, आई आली का. आम्ही म्हणत होतो, येतेय."

रुकमीणने चादर काढली. फडकं सोडलं. फ्रॉक बदलला. केस नीट केले. हे सगळं तिने असं केलं, जसं पोरीला शाळेत पाठवायचं आहे. मग ती वळली. आप्पा दारात उभे होते.

"आप्पा," ती म्हणाली, "तुमी हात ठिवला व्हता की."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मला स्वतःला असं वाटतं, की काल संध्याकाळी पोहोचलो असतो तरी मंका वाचली नसती. डॉक्टरांनीही तेच सांगितलं. पण आई आली असती. एवढंच, आणि एवढंच त्या पोरीने मागितलं होतं.

ज्या गाडीने मंकाला नेलं, त्याच गाडीने परत आणून सोडलं. बाकीची लेकरं पुढे एकेक करून घरी आली. त्यांच्या आईबापांनी आप्पांच्या पायावर डोकं ठेवलं. दादारावने दुकानात नारळ आणून दिला. म्हणाला, तुमी नसताव तर मी खून केलो असतो. आप्पांनी नारळ घेतला आणि फळीवर ठेवला. तो तिथेच वाळला. त्यांच्या बायकोनेही तो कधी विकला नाही की फोडला नाही.

त्यानंतर "मी हाव की" हे शब्द मी आप्पांच्या तोंडून ऐकले नाहीत. माणसं यायची, सवयीने समोर बसायची. आप्पा ऐकून घ्यायचे. "बघू," म्हणायचे. हात मांडीखाली घालून बसायची सवय लागली होती त्यांना, थंडीत बसतात तसं, भर उन्हाळ्यातही. लोकांना हळूहळू दुसरा पुढारी सापडला. गावाला पुढारी लागतोच.

मग ते फाट्यावर जाऊन बसायला लागले. तिथे रस्त्याखालच्या मोरीचा कठडा आहे, त्यावर. सकाळी जेवून जायचे, ऊन उतरल्यावर परत यायचे. गाडी थांबली, की उठून चढणाऱ्या प्रत्येकाला विचारायचे, "कुठं?" उत्तर आलं, की पुन्हा विचारायचे, "नक्की?" आणि मग, "हां. मग हीच." सुरुवातीला गाव हसलं. एकदा मुरुडला माहेरी निघालेली एक नवी नवरी चुकून लातूरच्या गाडीत चढली, तिला त्यांनी खाली उतरवलं, तेव्हा हसणं थांबलं. ड्रायव्हर-कंडक्टर त्यांना कंट्रोलर म्हणायला लागले. मलाही सुटका नव्हती. मी गाडीच्या पायरीवर पाय ठेवलेला आणि हे खाली उभे.

"कुठं, बाई?"

"लातूरला, आप्पा. दर शनिवारी जाते मी."

"नक्की?"

"नक्की."

"हां. मग हीच."

दर शनिवारी हेच. मला चीड यायची. खिडकीतून मागे बघितलं, की ते गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभे असायचे. मग चीड टिकायची नाही.

रुकमीण त्याच फाट्यावरून जायची. पुढे ती भाजीची पाटी घेऊन लातूरला जायला लागली. ती दिसली, की आप्पा कठड्यावरून उठून उभे राहायचे. तिला ते "कुठं?" विचारत नसत. नुसते उभे. गुडघे दुखायला लागल्यावरही, काठी आली तरीही. ती त्यांच्याकडे बघायची नाही. पाटी चढवायची, गाडीत बसायची, निघून जायची. रोज, इतकी वर्षं. मी एकदा तिला म्हटलं, "रुकमीण, म्हातारा माणूस उठतोय गं तुझ्यासाठी." ती म्हणाली, "म्या कुठं उठा म्हणलं?"

आप्पा त्या दिवसाबद्दल माझ्याशी एकदाच बोलले. माझी मुरुडला बदली झाली होती. पेटी घेऊन मी फाट्यावर उभी होते. रस्त्याकडे बघत ते म्हणाले, "बाई, पाटीवर मीच लिवलो व्हतो की हो."

एवढंच. मग माझी गाडी आली आणि त्यांनी विचारलं, "कुठं?"

ते गेल्याचा निरोप मला मुरुडला मिळाला. मी फाट्यावर उतरले तेव्हा कुणी काही विचारलं नाही. उतरल्यावर मला तेच आधी जाणवलं. कठडा रिकामा नव्हता, तिथे रुकमीण बसली होती. शेजारी भाजीची पाटी. तिचेही केस आता पांढरे झालेले. मी तिच्याजवळ जाऊन बसले.

आप्पांना माती द्यायची ते त्यांचं शेत रस्त्याच्या पलीकडे, त्यामुळे अंत्ययात्रा फाट्यावरूनच यायची होती. लिंगायतांमध्ये माणसाला आडवं नेत नाहीत. आप्पांना बसवून आणलं होतं, फुलांनी सजवलेल्या मखरात, मांडी घालून. कपाळभर विभूती. जंगमस्वामींनी रीतीप्रमाणे लिंग डबीतून काढून त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवलेलं, आणि ते पडू नये म्हणून उजवा हात वरून ठेवून फडक्याने बांधलेला. दोन्ही हात छातीशी. किती वर्षांनी तो हात मी तिथे पाहिला.

रुकमीण उठून उभी राहिली. पदर डोक्यावर घेतला. मखर आमच्यासमोरून जाईपर्यंत ती त्या हाताकडे बघत होती.

"आज ठिवला हात," ती म्हणाली. मला म्हणाली, की त्यांना, ते मला कळलं नाही.

यात्रा शेताकडे वळली. तेवढ्यात लातूरची गाडी येऊन थांबली. कंडक्टरने दार उघडून विचारलं, "मावशी, यायचं का?" रुकमीण तशीच उभी होती. पाटीतली मेथी उन्हाने मलूल पडली होती. त्याने थोडा वेळ वाट पाहिली, मग घंटी दिली आणि गाडी गेली.